गडग्यावरची बोगनवेल

"असा झाड माका देवा, पलीकडचा काय एक दिसता नये! आणि काटे व्हयेच."

कुडाळच्या रोपवाटिकेत शिरता शिरता गुरुदासने फर्मान सोडलं. मालवणजवळच्या आपल्या वाडीत त्याने घरालगत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. खोल्या झाल्या, पाटी लागली, आणि जन्मापासून शेजारी असलेली शेवंतीकाकी त्याच्या डोळ्यांत सलू लागली! तिचं खळं, म्हणजे अंगण, मधल्या दगडी गडग्यापलीकडे, आणि खळ्यात बांगडे सुकत घातलेले. एका पाहुण्याने नाक मुरडलं, झालं! ज्या सुक्या बांगड्यावर हा लहानाचा मोठा झाला, त्याचीच आता लाज.

रोपवाटिकेच्या म्हाताऱ्या भिकाजीने जास्वंद दाखवली. "ही लाय. फुलां देवाक होतली, आणि मदल्या फटीतसून हाक तरी जायत."

"फटच नको! ती बाई दिवसातून धा वेळा गडगो ओलांडून येता."

"कित्याक?"

"आयेकडे गजाली मारूक."

भिकाजीने हातातलं रोप खाली ठेवलं. "मगे आडोसो पावण्यांका व्हयो, की आवशीक कोंडूक? पावण्यांच्या खिडकेक पडदो लाव रे. शेजाराक काटे लावशीत, तर अडीनडीक धावतला कोण?"

"अडीनडीक फोन आसा, आजा!"

भिकाजीने बोगनवेलीची वीस रोपं मोजून दिली.

दोन पावसाळ्यांत गडगा गुलाबी झाला. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत. गुरुदासची आई राधाबाई सुरुवातीला वेलीआडून हाका मारायची, "शेवंते, जेवलंस गो?" पलीकडून उत्तरही यायचं. पण तोंड न बघता माणूस किती दिवस बोलणार? हळूहळू हाका थांबल्या. "आई आता अगदी शांत असते," असं गुरुदास पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. शांत म्हणे! म्हातारी आतल्या आत सुकत होती आणि लेकाला त्यात समाधान वाटत होतं.

मे महिन्यातली दुपार. गुरुदास पाहुण्यांना आणायला कुडाळ स्टेशनवर गेला होता, बायको पूजा दोडामार्गला माहेरी. पडवीत राधाबाईचं तोंड एकाएकी वाकडं झालं आणि ती कोसळली. हातातला तांब्या घरंगळला. पलीकडे शेवंतीने तो आवाज ऐकला, मग कण्हणं ऐकलं. "राधाक्का! काय झाला गो?" दिसेल तर शपथ! तिने गुरुदासला फोन लावला. शेवंतीचं नाव बघून त्याने तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला; तिसऱ्यांदाही तेच. वळसा घालून ती रस्त्यावरच्या फाटकाशी धावली, तर त्याला कुलूप! उलट पावली परतली, घरातला कोयता घेतला आणि त्या काट्यांत घुसली.

इस्पितळातून फोन आला म्हणून गुरुदास तिथे पोचला, तेव्हा राधाबाईला रिक्षात घालून आणणारी शेवंती बाकावर बसली होती. लुगडं फाटलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले.

"काकी, फोन तरी..."

"तीन खेपेक केलंय. तू कापलंस."

डॉक्टर म्हणाले, "जीव वाचलाय. लवकर आणलं असतं, तर कदाचित वाचाही राहिली असती."

अरे देवा! परक्याची नजर अडवायला लावलेले काटे आपल्याच आईच्या मुळावर आले!

राधाबाई घरी आली, त्याच दिवशी त्याने बोगनवेल मुळासकट उपटली. पलीकडून शेवंती बघत होती.

"माका माफ कर, काकी."

"माका कित्याक सांगतंस? तिका सांग."

तो आईच्या खाटेशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. "आये, चुकलंय गो मी!" राधाबाईने त्याच्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, घशातून नुसता घरघर आवाज निघाला. ती त्याला क्षमा करत होती की शिव्या घालत होती, हे त्याला जन्मात कळणार नाही.

मंडळी, आडोसा कोणाला नको असतो? न्हाणीला हवा, झोपायच्या खोलीला हवा. तिथे खुशाल मेंदी लावा, जास्वंद लावा. पण शेजाऱ्याच्या येण्याजाण्याची वाट बुजवू नका. पाहुणा दोन दिवसांनी पैसे देऊन जातो. तुमचा माणूस कोसळला तर धावून येणार शेजारीणच, आणि तिला यायला वाट लागते.