अढीतला फोटो

बोटीवर नोकरीला असताना परदेशात घेतलेला झटपट फोटोचा कॅमेरा आत्मारामांनी फेब्रुवारीतल्या एका गार सकाळी ट्रंकेतून बाहेर काढला. फिल्मची मुदत संपून बारा वर्षं झाली होती. नवे सेल घालताच कॅमेरा घरघरला, तशी आत्मारामांनी मिशी पिळली. पण सात फोटो काढले आणि सातही कागद राखेसारखे फिकट निघाले.

"काका, मोबाइलवर काढू काय?" पुतण्या निलेश हसला.

"तुझा मोबाइल समुद्रात टाक!" आत्माराम गरजले, आणि आठवा, शेवटचा फोटो त्यांनी रागारागात समोर दिसेल त्याचा काढला. समोर त्यांची बायको मथुरा ओणवून अढीतले आंबे चाळत होती.

हाही कागद फिकटच दिसू लागला. ते तो भिरकावणार, तोच मथुराने त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"गारठ्यात आंबा तरी उघड्यावर पिकतो काय?" असं म्हणून तिने तो अढीच्या उबदार गवतात, दोन हापूसांच्या मधे खुपसला.

"अगो, तो फोटो आहे, आंबा नव्हे!"

मथुरा पुन्हा आंबे चाळू लागली. अर्ध्या तासाने तिने गवत बाजूला केलं. कागदावर ती स्वतः होती, केशरी उजेडात न्हालेली, गालावरच्या तिळासकट.

"आला! आला!" आत्मारामांची आरोळी पार बंदरापर्यंत गेली असेल.

निलेश मुकाट्याने मोबाइल काढून त्या फोटोचा फोटो घ्यायला वाकला. मथुराने गवत परत वर ओढलं.

"थांब मेल्या, अजून पुरता पिकला नाय."