अर्थिंगचा खड्डा

आटपाडीजवळच्या वस्तीवर, बुद्धविहारात कॉम्प्युटर आला तो वर्गणीतून, आणि तोही जुना. पोरापोरींना टायपिंग शिकता यावं म्हणून. तो सांभाळायचं काम मिलिंदकडे. गडी सांगलीला इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत गावी आला की जगातलं सगळं आपल्यालाच कळतं, असं त्याला वाटायचं.

विंडोजची चोरून आणलेली कॉपी त्याला नको होती. तिच्याऐवजी मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी त्याने लावली. फुकट, कुणाच्या बापाची नाही आणि आतलं सगळं उघडून बघता येतं, याचं त्याला भारी कौतुक. पण लिनक्स म्हणजे आयतं ताट नव्हे. पडद्यावर चित्रं दिसायची तर मॉनिटरने सेकंदाला किती वेळा चित्र काढायचं, ते आकडे एका फाइलीत आपल्या हाताने लिहावे लागत. जुन्या मॉनिटरचं माहितीपुस्तक कुठलं असणार! चुकीचे आकडे दिले तर मॉनिटर जळू शकतो, असं मासिकात सरळ छापलं होतं. कमी आकड्यांवर चित्र लुकलुकत होतं, म्हणून मिलिंदने अंदाजाने मोठे आकडे ठोकले. मॉनिटर बारीक किंचाळला, जळका वास आला आणि पडदा काळा पडला.

लोक जमले. मिलिंद तोंड उघडणार, एवढ्यात मंडळाचे अध्यक्ष हरिबा म्हणाले, "करंट वाढला आसंल. वायरिंग कुणाचं हाय?"

वायरिंग आबांचं होतं. आबा वस्तीवरचे वायरमन. विहाराचं काम म्हणून त्यांनी ते हौसेने केलेलं. ते मान खाली घालून पुढे आले. "अर्थिंगचा खड्डा वल्ला ऱ्हाया लागतो, त्यो उन्हानं वाळला आसंल. माझंच ध्यान न्हाई राहिलं."

उद्या सांगू, म्हणाला मिलिंद मनाशी. असल्या माणसाचा उद्या कधी उजाडत नाही. आबा समोरून आले की हा रस्ता बदलायचा.

अशातच एका सकाळी तो विहारामागून चालला होता. नुकताच टँकर येऊन गेला होता आणि आबा भरलेली घागर अर्थिंगच्या त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात ओतत होते.

"आवं आबा, प्यायचं पाणी हाय त्ये!"

"रोज घालतोय. दुसरा मॉनिटर आला, तर त्यो तरी जळू नये."

मिलिंदला स्वतःची किळस आली. "आबा, मॉनिटर मी जाळला. चुकीचं आकडं घातलं. तवाच बोलाय पायजे हुतं."

आबांनी घागर खाली ठेवली. "म्हंजे माझी अर्थिंग बरूबर हाय?"

"व्हय."

आबांचा चेहरा असा काही उजळला, की यापेक्षा मुस्काटात बसली असती तर बरं, असं मिलिंदला वाटलं. मग तो चेहरा हळूहळू उतरला.

"ह्ये आदी तुझ्या काकीला सांग. तुमचं काम चुकायचं न्हाई, म्हणत हुती ती. मी तिच्यावरच खेकसलो. घरात आर्ध्या घागरीवर भागवतीया, पर एक शबुद बोलली न्हाई."

आबांची बायको बनाबाई दारात राखेने भांडी घासत होती. मिलिंदने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, हरिबांनाही आजच सांगतो म्हणाला. तिने ऐकून घेतलं. हात पदराला पुसले, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे धरला.

"उनातनं आलायस. आदी पाणी पी."

"नको काकी."

"पी म्हंते न्हवं," ती म्हणाली, आणि त्याने तांब्या रिकामा करेपर्यंत समोरून हलली नाही.