खुर्चीतला बिस्किटांचा पुडा

मी एक जुनी खुर्ची आहे. मी सांगणार आहे ती हकीकत एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची. मित्रांनो, तेव्हा तुमचा जन्म झालेला नव्हता. तुमचे आईवडीलसुद्धा तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जात असतील. मी मात्र तेव्हाच पोक्त झाले होते. माझ्या खांबाचा आटा झिजला होता आणि कुणी बसल्या जागी वळले की मी कुरकुरत असे.

आता मी घारी नावाच्या एका आजीच्या घराच्या मागच्या पडवीत असते. घारीची नातवंडे माझ्यावर बसून गरगर फिरतात आणि चक्कर आली की खिदळतात. त्यांना वाटते, मी फिरण्यासाठीच जन्माला आले. खरे म्हणजे मी काम करण्यासाठी जन्माला आले होते.

माझे पाय लोखंडी, पाठ लाकडी आणि बैठक काळ्या रेक्झीनची. आत काथ्या भरलेला. अशा आम्ही सगळ्या बहिणी एका ओळीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभ्या होतो. त्या काळी दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाईला सांगावे लागे. तिच्यापुढे कपाटाएवढा बोर्ड असे. त्यावर नुसती भोके आणि चिमुकले दिवे. दिवा लागला की बाई दोरीचे टोक त्या भोकात खुपसत, कुणाशी बोलायचे ते विचारत, आणि दुसरे टोक त्या नंबरच्या भोकात घालून दोन माणसे जोडून देत.

माझ्यावर ताई बसत असे. आली तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती आणि इतकी हलकी, की ती बसल्याचे मला तिच्या वेणीचा हिसका पाठीला लागला की कळे. तिचे दोन्ही हात सतत दोऱ्यांमध्ये असत. लोक फोनवर मुद्दाम सांगत, "त्या गोड आवाजाच्या बाईंकडे द्या." हे ऐकले की ताई ताठ बसे, आणि मीही.

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या पर्यवेक्षक. त्यांचे नियम फार कडक. बोर्डासमोर कुणी काही खायचे नाही. "तोंडात घास असला की आवाज जाड होतो," त्या म्हणत. "इकडे कुणी मेल्याची बातमी सांगतंय आणि तुम्ही चघळताय, बरं दिसेल का?" दुसरा नियम, बोर्डावरून स्वतःच्या घरी फोन करायचा नाही. ताईने हे दोन्ही नियम वीस वर्षे पाळले.

मग चौऱ्याऐंशी साल उजाडले. खालच्या मजल्यावर एक नवे यंत्र आले. लोक आपापले फोन स्वतःच फिरवू लागले. आमच्या बोर्डावरचे दिवे एकेक करून लागेनासे झाले. माझ्या बहिणींना भिंतीकडे तोंड करून ठेवले. मोठ्या बाई, घारी आणि ताई एवढ्या तिघीच उरल्या. घारीचे डोळे घारे होते म्हणून तिला सगळे घारी म्हणत; तिलाही तेच आवडे.

दुपार सरता सरत नसे. ताईचे हात मांडीवर पडून असत. अधूनमधून बोटे उगाच हवेत दोरी शोधल्यासारखी हलत. एक दिवस घारीने बिस्किटांचा पुडा फोडून ताईपुढे धरला. मोठ्या बाईंनी पाहिले आणि मान वळवली. बोर्डच गप्प झाला, मग नियम कुणासाठी पाळायचा?

त्या दिवसापासून ताई खाऊ लागली. बिस्किटे, खारे दाणे, जे असेल ते. भूक नसे. जेवणाचा डबा तासाभरापूर्वी संपलेला असे. मी माणसाची भूक त्याच्या बसण्यावरून ओळखते, मित्रांनो. भुकेने माणूस खुर्चीत पुढे सरकतो. ताई मागे रेलून, बोर्डाकडे बघत खात असे, आणि पुडा संपला हे तिला बोटे कागदाच्या तळाला लागली की कळे.

वीस वर्षे बसून ती आधीच जड झाली होती. आता माझ्या बैठकीची शिवण एका अंगाने उसवली. त्याचे मला काही वाटले नसते. पण त्याच सुमारास तिच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली.

ताईने लग्न केले नव्हते. ती, भाऊ आणि भावजय एकाच घरात राहत. भावजय औषधांच्या दुकानात नोकरीला होती. भावाला आठवड्यातून दोनदा इस्पितळात नेऊन यंत्रावर त्याचे रक्त शुद्ध करून आणावे लागे, आणि पाणीही त्याला मोजूनच द्यावे लागे. एरवी तो दिवसभर घरी एकटा पडून. कुणी आपले एक मूत्रपिंड दिले तर तो जगेल, असे डॉक्टर म्हणाले. तपासण्या झाल्या. ताईचे जुळले. पण डॉक्टरांनी तिला सांगितले, "एवढ्या वजनावर भूल देऊन पोट उघडणं तुमच्या जिवाला धोक्याचं आहे. आधी वजन उतरवा. मग लगेच करू."

ताई ऑफिसात येऊन हे सांगताना हसली. "बघ गं घारे, त्याचं आयुष्य माझ्या पोटात अडकलंय."

घारीने आणि मोठ्या बाईंनी तिला मदत करायचे ठरवले. त्या मदतीने काय झाले, ते आठवले की माझा काथ्या अजून आत गोळा होतो. दोघींची तिच्यावर माया होती, हे आधी सांगून ठेवते.

पहिले म्हणजे त्यांनी तिचा खण रिकामा केला. दुसरे, ताईसमोर कुणी काही खायचे नाही असे ठरले. आधी तिघी मिळून डबा खात, एकीची भाजी दुसरीच्या झाकणात. आता घारी आणि मोठ्या बाई डबे घेऊन गच्चीवर जात. "तुला बघवणार नाही गं आमचं खाणं," असे प्रेमाने सांगून जात. खाली ताई, मी आणि तो मुका बोर्ड. ताई डब्यातली काकडी खाई आणि वरून येणारे हसणे ऐके.

तिसरे म्हणजे शनिवारचे वजन. खाली पोस्टाच्या खोलीत पार्सलांचा मोठा काटा होता. शनिवारी ताईला त्यावर उभे करत. जिन्यावरून त्यांचे आवाज वर येत.

"पार्सल कुठं पाठवायचं?" पोस्टातला कारकून विचारी.

"आधी हलकं होऊ दे, मग पाठवू! तिकिटं परवडायला नकोत?" घारी ओरडे. सगळे हसत. ताईही हसे. काटा थोडा खाली आला की टाळ्या वाजत. नाही आला की कुणी काही बोलत नसे, आणि ते जास्त वाईट.

म्हणून ताई शुक्रवारी पाण्याशिवाय काही घेईनाशी झाली. शनिवारी टाळ्या घेऊन वर येई, माझ्यावर बसे, आणि तिचे पाय थरथरत. मग ती दुपारी खाई. खाल्ले की अपराधी वाटे, म्हणून रात्रीचे जेवण टाळे. घरी सांगे, ऑफिसात खाल्ले. दुसऱ्या दिवशी दुपार पुन्हा तेवढीच लांब, आणि पोटात कालचा खड्डा. मग एकाच्या जागी दोन पुडे.

पुडे कुठे ठेवायचे? खण तर घारी रोज उघडून बघे. ताईने माझ्या उसवलेल्या शिवणीत बोटे घातली, काथ्या बाजूला सारला आणि पुडा आत सरकवला. असे माझ्या पोटात तिचे गुपित राहू लागले. ती बिस्कीट काढी, चोरासारखी दाराकडे बघे, आणि न चावता गिळी. एकदा तिने माझ्या पाठीवर कपाळ टेकले आणि म्हणाली, "एक बिस्कीट म्हणजे त्याचा एक दिवस. कळतंय मला. तरी हात जातो." मला सांगता आले असते तर सांगितले असते की बाई, तुझे हात रिकामे आहेत, दुसरे काही नाही. पण खुर्चीला कुरकुरण्यापलीकडे काय येते?

वजन दोन पावले उतरे आणि अडीच चढे. तिकडे भाऊ वाळत चालला होता.

गुपित उघडे केले मुंग्यांनी. एक दिवस भावजय दुकानातून परस्पर ताईला न्यायला आली. डॉक्टरांना वजन दाखवायचे होते. ती दारातच थांबली. खिडकीतून निघालेली मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून, फरशी ओलांडून, माझ्या पायावरून वर चढत होती. भावजयीने वाकून शिवणीत हात घातला.

"ताई, हे काय?"

ताई उठून उभी राहिली.

"मी तुमच्यासाठी बिनतेलाची भाजी वेगळी करते. पहाटे उठून करते. तुम्हाला नसेल द्यायची किडनी तर तसं सांगा. मी त्यांना समजावीन. पण हे असं नका करू." तिने पुडा ताईपुढे धरला. "मी त्यांच्या पाण्याचे घोट मोजून ठेवते हो रोज. आणि तुम्ही..."

तिने पुडा परत माझ्यावर ठेवला आणि जिना उतरून गेली. ताई त्या दिवशी डॉक्टरांकडे गेली नाही.

दोन दिवसांनी दुपारी जिन्यावर सावकाश पावले वाजली. दर पायरीला दम खात कुणीतरी येत होते. तो भाऊ होता. घारीने पुढे होऊन त्याला माझ्यावर बसवले. मित्रांनो, मी आजवर पुष्कळ माणसे झेलली. इतके हलके मोठे माणूस मी कधी झेलले नव्हते. वाळत घातलेला सदरा वाऱ्याने उडून येऊन पडावा, तसा तो बसला.

"कुठंय तुझा खजिना?" त्याने विचारले.

ताई रडू लागली.

"रडतेस काय? काढ की." त्याने स्वतःच शिवण चाचपली, पुडा काढला, एक बिस्कीट मोडले आणि अर्धे तिच्यापुढे धरले. "खा. माझ्यासमोर खा. किती दिवस झाले, तू घरात माझ्यासमोर एक घास खाल्ला नाहीस. मला वाटतं, मी आजारी आहे म्हणून घरात जेवायलाच बंदी आहे."

"तुझ्या जिवावर खातेय रे मी."

"पुरे गं! मी काय करतो माहितीये? परवा आंघोळीच्या तांब्यातलं पाणी प्यालो. चोरून. हिला सांगू नकोस, नाहीतर बादलीला कुलूप लावील." तो हसला आणि त्याला धाप लागली. मग म्हणाला, "तहान नव्हती तेवढी. दुपार जात नव्हती. घरात चिटपाखरू नसतं. तुला पण तेच होतं ना इथं? मग मला फोन का नाही करत? सगळ्या दुनियेला जोडून दिलंस."

ताईने डोळे पुसले. "बोर्डावरून घरी फोन करायचा नाही. नियम आहे."

मोठ्या बाई उठल्या, पर्स काखेला लावली. "मी रोज चार वाजता चहाला जाते," त्या म्हणाल्या. "मला चहाला बराच वेळ लागतो. मागे काय चालतं ते मला दिसत नाही."

त्या दिवसानंतर रोज चार वाजता ताई दोरी उचलून घरच्या भोकात घाली. काय बोलत? काही नाही. मांजराने काय सांडले, समोरच्या बाईने कुणाशी भांडण काढले. ताईच्या एका हातात दोरी असे, दुसरा हात बोलताना हवेत फिरे. माझ्या शिवणीकडे कुणाचा हात आला नाही. घारीने आपणहून डबा गच्चीवर नेणे सोडले. शनिवारचा काटा बंद झाला. ताई रोज पोटाला लागेल तेवढे जेवू लागली, रात्री भावासमोर बसून. आणि वजन उतरू लागले. गाजावाजा न होता, हळूहळू. ते सर्वांत आधी मला कळले.

पावसाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, आता चालेल. ऑपरेशनची तारीख ठरली. घारी खोलीभर नाचली.

तारखेच्या आदल्या आठवड्यात भावाच्या रक्तात जंतू शिरले. तो इस्पितळात गेला आणि घरी आला नाही.

तेरा-चौदा दिवसांनी ताई कामावर आली. चार वाजले. मोठ्या बाई सवयीने पर्स घेऊन उठल्या, आणि तशाच पुन्हा बसल्या. ताईने दोरी उचलली, घरच्या भोकात घातली. मला तिच्या पाठीतून ती घंटा ऐकू येत होती. ती वाजत राहिली. घारी उठून आली आणि तिने ताईच्या बोटांतून दोरी सोडवली.

"घारे, वजन आधी उतरलं असतं तर?" ताईने विचारले.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? जंतूंचा वजनाशी काही संबंध नाही."

"आधी उतरलं असतं, तर जंतू येण्याआधी ऑपरेशन झालं असतं."

घारी तिच्याजवळ खाली बसली.

पुढे कोणाचे काय झाले, तेही सांगते. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे परदेशी गेल्या, तिथेच वारल्या. पोस्टातला कारकून त्यानंतर कुणाच्या वजनावर बोलला नाही, असे घारी म्हणते. एक्स्चेंज बंद झाले तेव्हा घारीने मला लिलावात घेतले आणि फोनचे दुकान काढले. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि तेही बसले. भावजयीने दुसरे लग्न केले नाही. ती आणि ताई अजून त्याच घरात राहतात. त्या पुड्याबद्दल भावजयीने एकदाच क्षमा मागितली, ताई म्हणाली, "तू खरंच बोलली होतीस." हे तिने क्षमा करण्यासाठी म्हटले नव्हते, तिला तसेच वाटते. ताई आता फार बारीक झाली आहे. कुणी खायला पुढे केले तर हात पदराखाली घेते. कधी घारीकडे आली तर लाकडी स्टुलावर बसते. माझ्यावर बसत नाही.

मित्रांनो, माझी फार मोठी मागणी नाही. तुमच्या घरात कुणी चोरून खात असेल, आई असेल, मावशी असेल, तुमच्यातलेच कुणी असेल, तर त्याची बिस्किटे मोजू नका. त्याला काट्यावर उभे करून टाळ्या वाजवू नका. त्याची दुपार कशी जाते ते विचारा आणि थोडा वेळ तिथेच बसा. हे लवकर करा. आमच्याकडे ते झाले, पण फार उशिरा झाले.

आणि माझ्यावर गरगर फिरताना डाव्या अंगाच्या शिवणीत बोटे घालू नका. तिथे तो पुडा अजून आहे. मुंग्यांनी तो केव्हाच रिकामा केला, पण कागद तसाच आहे. भावाने मोडलेल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा ताईने त्या दिवशी खाल्ला नव्हता. कागदात गुंडाळून परत आत ठेवला होता. ऑपरेशन झाल्यावर दोघांनी मिळून खायचा म्हणून.