धुरपताबाईच्या दारातली पेटी

जळकोटच्या साइटवर पिकअप थांबली तेव्हा मागचं फळकं उघडं होतं आणि पिवळी पेटी नव्हती. महामायाने ताडपत्री दोनदा उचलून पाहिली. रस्त्याचा भराव किती घट्ट दाबलाय ते मोजायचं यंत्र त्या पेटीत होतं, आणि यंत्राच्या पोटात, जाड आवरणाआड, हरभऱ्याएवढे दोन किरणोत्सारी तुकडे. त्यांची जबाबदारी तिची होती.

"म्याडम, नायगावात साखळी म्या लावली व्हती, आईशप्पत," ड्रायव्हर व्यंकटी म्हणाला.

"लावली असशील," ती म्हणाली. निघण्याआधी साखळी ओढून बघायचं काम तिचं. आज तेच राहिलं होतं.

नांदेडच्या ऑफिसातून राजशेखर साहेबांचा फोन आला. "दोन दिवस कुणाला सांगू नका. बोभाटा झाला की काम बंद पडतं."

"साहेब, हरवल्याचं लगेच कळवावं लागतं. कुणी फोडली तर?"

"मग यंत्र सांभाळायचा तुमचा अधिकारच जाईल, बघा."

"हाव. जाऊ द्या."

तिने मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं आणि पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार लिहून दिली. शेवटची कुठे पाहिली? नायगाव, सकाळी सव्वाआठ. कुलूप होतं का? होतं.

कॅम्पवर त्या संध्याकाळी तिच्याशी कुणी बोललं नाही. तसं ते रोजचंच होतं. पाच वर्षं ती पेटी सांभाळत होती आणि पाच वर्षं मेसमध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. 'पेटीतले किरण अंगाला लागतात' म्हणायचे. आई होती तोवर रविवारी नांदेडला बोलायला माणूस होतं. आई गेल्यापासून रविवारही ती कॅम्पवरच काढायची.

दुसऱ्या दिवसापासून पोलीस भंगारवाल्यांकडे चौकशी करू लागले आणि ती किरण मोजायचा मीटर घेऊन रस्त्याच्या कडेने चालू लागली. चार-पाच पावलांवर आल्याशिवाय मीटरला पेटी कळायची नाही, म्हणून पायीच. मागून व्यंकटी पिकअप हळूहळू आणत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी, एका गावाच्या अलीकडे, तुरीच्या रानाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या घरापाशी आकडा चढला. दारात शेळी बांधलेली. शेजारी पिवळ्या पेटीवर बसून एक म्हातारी शेंगा सोलत होती.

"मावशी, जरा उठता का?"

"का गं माय? तूबी बस की. दोघीपुरती जागा हाय."

त्या पेटीजवळ आजवर तिला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. क्षणभर तिला बसावंसंच वाटलं. मग तिने म्हातारीला हाताला धरून दूर नेलं आणि कुलूप पाहिलं. शाबूत होतं.

म्हातारीचं नाव धुरपताबाई. एकटीच राहायची. पेटी रस्त्याच्या चरात सापडली, बसायला बरी म्हणून ओढत आणली.

"कुलूप हाय म्हणून बरं झालं," महामायाने समजावलं. "तीन दिवस बसलात, तरी दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढल्यावाणीच. काही होणार नाही."

"मला काय हुतंय!" धुरपताबाई हसली.

पोलिसांना आणि मंडळाला महामायाने फोन केले. पोलिसांची जीप आली, मंडळाचे अधिकारी आले, फीत बांधली. घर, चूल, अंथरूण, शेळीसुद्धा मीटरने तपासली. सगळं ठीक असल्याचं लिहून देऊन ते गेले. सारा गाव लांब उभा राहून बघत होता.

आठवड्याने व्यंकटीने बातमी आणली. म्हातारीच्या शेळीचं दूध कुणी घेईना. नळावर तिची घागर आली की बाया आपल्या घागरी मागे ओढतात. महामायाच्या हातातला घास तसाच राहिला. पाण्यापासून लांब उभं करणं म्हणजे काय, ते तिने आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं.

रविवारी ती म्हातारीकडे गेली.

"तीन दिस काय झालं न्हाई," धुरपताबाई म्हणाली, "अन् तू आलीस अन् झालं."

महामाया उंबऱ्यावर टेकली. ती म्हणाली, "चहा देता?"

म्हातारीने शेळीच्या दुधाचा चहा केला. तो घेऊन महामाया पारावर जाऊन बसली आणि लोकांदेखत प्याली. दुसऱ्या रविवारी मीटर आणून म्हातारीच्या घागरीला लावला आणि न चढलेला आकडा नळावर बायांना दाखवला. कुणी पाहिला, कुणी पदर तोंडाला लावला. तरी ती येत राहिली. मधल्या काळात कंपनीने यंत्राचं काम तिच्याकडून काढून घेतलं, नांदेडच्या ऑफिसात कागद तपासायला बसवलं. आता बसने यावं लागे.

सहाव्या रविवारी धुरपताबाईने तिला दारातच गाठलं.

"दूध घ्यायलेत लोक. नळावरबी कुणी काय बोलंना."

"बरं झालं, मावशी."

म्हातारी जरा घुटमळली. "राग येऊ देऊ नको माय, पण आता येऊ नको. तू दिसलीस की त्याइला पुन्यांदा ते सारं आठवतंय."

ते खरंच होतं. "हाव," महामाया म्हणाली. चहा झाल्यावर कप तिनेच विसळून ठेवला.

नांदेडच्या बसला अजून तासभर होता. ती फाट्यावर जाऊन उभी राहिली.