बांधराख्याच्या मागे कोण

मंगळवारी दुपारी तीन वाजता मुरुडच्या एका लहान लॉजच्या जेवणघरात निकेत म्हात्रेने टेबलाभोवती पाच खुर्च्या मांडल्या. पावणेचारपर्यंत त्यांतल्या एकीवरही कोणी बसलं नव्हतं. निकेत स्वतःही उभाच होता.

लॉज त्याच्या वडिलांचं. शनिवार-रविवारी खोल्या भरतात, मंगळवारी रिकाम्या असतात. म्हणून कॉलेजच्या वर्षांत निकेत आणि त्याच्या तीन मित्रांच्या खेळाचा वार मंगळवार ठरला आणि तोच राहिला.

खेळ असा की एक जण गोष्ट सांगतो. किल्ले, जंगलं, राक्षस, वादळ, सगळं त्याच्या तोंडून येतं. बाकीचे त्या गोष्टीत एकेक पात्र होऊन वावरतात आणि अडचणीच्या जागी वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्रांचे वर्ग मूळ पुस्तकात दिलेले आहेत. लढवय्या, जादूगार, पुजारी, चोर. गोष्ट सांगणाऱ्याला हे लोक खेळवणारा म्हणत. खेळवणारा पहिल्या दिवसापासून निकेत होता. त्याच्या वाट्याला पात्र कधीच आलं नाही.

मूळ वर्गांचा कंटाळा आल्यावर त्यांनी स्वतःचे पुरवणी वर्ग बनवले. नियम निकेतने घातले होते. प्रत्येक वर्गाला एक ताकद हवी आणि तिच्या तोडीची एक खोट हवी. टेबलावरच्या इतर दोघांनी हो म्हटल्याशिवाय वर्ग खेळात येणार नाही आणि बदलणारही नाही. कल्पिताची भरतीवाली शत्रूची पुढची चाल आधी ओळखायची, पण तिला खोटं बोलता यायचं नाही. प्रज्योतचा जागल्या कधी झोपायचा नाही आणि जागून काढलेल्या प्रत्येक रात्रीमागे एक आठवण गमवायचा. फैझानचा दीपवाला हा सगळ्यांचा लाडका. त्याच्या उजेडात कोणाचीही वाट चुकत नसे, फक्त त्याला स्वतःला तो उजेड दिसत नसे.

कल्पिता आता मुंबईत नोकरीला आहे आणि सुट्टीला मांडव्याच्या बोटीने अलिबागपर्यंतच येते. प्रज्योत उरणहून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. फैझान शारजात असतो, पण सध्या सुट्टीवर मुरुडला आलेला होता. मागच्या ईदला त्याने फोनवर कबूल केलं होतं, "या वेळी आलो की मी खेळवतो. तू बस पलीकडे. एकदा तरी बस, यार." बाकी दोघांनीही यायचं मान्य केलं होतं. कल्पिताने रविवारी येत नसल्याचं कळवलं, प्रज्योतने सोमवारी. फैझानचा नकार आलेला नव्हता.

दयाराम म्हात्रे पंप बंद करून आत आले. मिठागर विकून मुरुडला येऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण पेणकडची बोली सुटलेली नाही.

"निक्या, पाच खुर्च्या कोनासाठी रं? गिर्‍हाईक हाय काय?"

"खेळ आहे, बाबा."

"एकट्याचा?"

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि फैझानची धाकटी बहीण इनशा आत आली. ती गावातच बालवाडीत शिकवते. हे चौघे कॉलेजात असताना शेवटचं वर्षभर ती या टेबलाच्या पाचव्या खुर्चीवर बसली होती. तिच्या हातात डबा होता.

"अम्मीने सांदणं दिलीत," ती म्हणाली. "आणि भाईजान गेला."

"कुठे गेला?"

"एअरपोर्टला. कंपनीने तिकीट अलीकडचं केलं. सकाळीच निघाला. तुला फोन करणार होता."

"नाही केला."

"मला म्हणाला, तूच जाऊन सांग. तुझा चेहरा बघायची हिंमत नव्हती त्याची." डबा टेबलावर ठेवून तिने खुर्च्यांकडे पाहिलं. मग टोकाची, खेळवणाऱ्याची खुर्ची ओढून ती बसली. "बस समोर. मी खेळवते."

"तू?"

"का? तीस पोरांना रोज गोष्ट सांगते मी, आणि त्यांतली दहा रडत असतात. तू रडणार आहेस का?"

दयाराम हसले. निकेत समोरच्या खुर्चीवर बसला. त्या बाजूने त्याला खिडकी दिसत होती. इतक्या वर्षांत ती त्याच्या पाठीमागे असायची.

"वर्ग?" इनशाने विचारलं.

निकेतचा वर्ग तयार होता. दुसऱ्यांना खेळवताना तो मनात घडवत आलेला होता आणि फैझान, कल्पिता या दोघांकडून त्याने फोनवर मंजुरीही घेऊन ठेवली होती. बांधराखा. खाडीकाठच्या बांधावर पाय रोवून तो उभा राहिला की पाणी, पिशाच, सैन्य, काहीही त्याला ओलांडू शकत नाही.

"आणि खोट?"

"त्याच्या मागे निदान एक सोबती उभा पाहिजे. मागे कोणी नसेल तर तो साधा माणूस."

इनशाने मान हलवली आणि गोष्ट सुरू केली. तिने खाडी सांगितली, भरती सांगितली, बांध फुटून गेलेली खांड सांगितली आणि त्या खांडीतून भाताच्या शेतात शिरू पाहणारं, डोळे असलेलं काळं पाणी सांगितलं. ती बरं खेळवत होती. निकेत पुढे वाकला होता. त्याने फासा टाकला, सतरा पडले.

"मी खांडीत उभा राहतो," तो म्हणाला.

"राहिलास. पाणी गुडघ्याला आलं." मग ती थांबली. "निकेतदादा, मागे कोण आहे?"

निकेतने मागे वळून पाहिलं. हा वर्ग घडवताना बाकीचे भोवती असतीलच, हे त्याने धरून चाललेलं होतं. मिठागराच्या घरातल्या माणसाला एकट्याने बांधायचा बांध सुचतच नाही. खांड गेली की हाळी द्यायची आणि सगळा गाव चिखल घेऊन धावायचा, हे त्याने आजीकडून ऐकलेलं.

"मी गाव उभं करते मागे," इनशा म्हणाली. "खेळवणारी आहे मी."

"खेळवणाऱ्याने उभी केलेली माणसं धरायची नाहीत. खेळाडूच पाहिजे."

"हा नियम कोणाचा?"

"माझा."

"मग बदल की."

"दोघांचं हो पाहिजे. तू एक झालीस."

"मी रातो उभा," दारातून दयाराम म्हणाले. "मागं उभाच रायचाय ना? आख्खा जन्म बांधावर गेला माजा."

"बाबा, तुम्ही खेळात नाही."

"बरं," दयाराम म्हणाले. ते वाडीत गेले.

"घेतलं असतंस तर काय बिघडत होतं?" इनशाने हळू विचारलं.

"मग तो खेळ राहत नाही."

"आता राहिलाय?"

त्याने प्रज्योतला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे हॉर्न वाजत होते.

"काय रे, माझा जागल्या मेला का?" प्रज्योत ओरडला.

"जिवंत आहे. ऐक, बांधराख्याच्या मागे उभा राहशील?"

"कुठे? कधी? अरे, इथे पोर्टच्या गेटवर लाइन लागलीय चार तास. उभाच आहे मी." तो हसला. "थांब, पुढची गाडी हलली. करतो नंतर."

फोन बंद झाला.

"उभाच आहे म्हणाला तो," इनशा म्हणाली.

"त्या अर्थाने नाही म्हणाला."

कल्पिताचा फोन लागला नाही. फैझानचाही. शेवटी निकेतने चौघांच्या जुन्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला. त्या गटावर मागचा निरोप कोणाच्या तरी वाढदिवसाचा होता. त्याने लिहिलं, 'बांधराखा खांडीत आहे. मागे कोण उभं राहतंय?'

इनशाने सांदणांचा डबा उघडून त्याच्याकडे सरकवला. दोघांनी एकेक खाल्लं. सहा वाजता ती उठली. डाव मोडायचा की तसाच ठेवायचा, असं तिने विचारलं. तसाच ठेवायचा, असं तो म्हणाला. त्याने फासा सतरावरच राहू दिला आणि टेबलाची ती बाजू दोन दिवस पुसली नाही. गुरुवारी पुण्याचं एक कुटुंब जेवायला बसलं तेव्हा त्यांना दुसरं टेबल दिलं गेलं.

बुधवारी फैझान शारजाला पोचल्याचं त्याच्या घरी कळलं. कल्पिता आणि प्रज्योत यांनी निरोप मंगळवारी रात्रीच वाचला होता आणि फैझानने बुधवारी सकाळी. प्रज्योतने गटावर अंगठा टाकला आहे. तो कशासाठी, हे निकेतने विचारलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुसरं काही आलेलं नाही. येत्या मंगळवारी बालवाडीत पालकसभा आहे. इनशाने जमलं तर येते असं सांगितलं आहे. भरती अजून चालू आहे आणि पाणी निकेतच्या गुडघ्याला आहे.