वीतभर उंचीवरचा सांधा

मित्रांनो, चोपड्याजवळच्या शिवारात, विहिरीच्या कडेला जे संत्र्याचे म्हातारे झाड दिसते, ते मी.

माझा जन्म दोघांपासून झाला. मुळे जंबुरीची. ही आंबट फळाची, काटेरी जात असते, पण तिची मुळे चिवट. जमिनीपासून वीतभर उंचीवर तिची साल चिरून त्यात संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब, बसवला. त्या सांध्यावर तो डोळा फुटला आणि मी झालो. रोपवाटिकेतून भुसावळपर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने मी इथे आलो. मळ्याचे मालक पुनाभाऊ यांनी खड्डा खणला, त्यांच्या पत्नी भागाबाईंनी पाणी घातले. पाचव्या वर्षी मला फळे आली. सैल सालीची, दहा-अकरा फोडींची. गावभर वाटली.

मग हिवतापाने भागाबाई गेल्या. पुनाभाऊ वर्षभर मळ्यात आले नाहीत. गड्याने पाणी दिले, एवढेच.

ते परत आले तेव्हा माझ्या बुंध्याशी एक फांदी तरारून वर गेली होती. वरचा मी मात्र पिवळा पडलो होतो. भाऊ त्या हिरव्या फांदीला आधाराची काठी बांधू लागले. शेजारचे झुलाल बांधावरूनच हसले.

"भाऊ, संत्रं सोडीसन जंबुरी पाळी ऱ्हायना का? काटा तं देख!"

"हिरवं तेच शे, झुलाल. तेले कसं तोडू?"

"नही तोडं तं वरलं मरी जाई. सांध्याखालना फुटवा वहिनी रोज खुडे. तुले ठाऊक नही?"

भाऊंना ठाऊक नव्हते. ते खाली बसले. सांध्याखाली खुडल्याच्या जुन्या खुणा होत्या. त्यांनी एकेका खुणेवर बोट ठेवले. मग कोयता घेऊन त्यांनी ती फांदी मुळाशी कापली आणि जखमेला शेणमाती लिंपली.

मला सावरायला दोन वर्षे लागली. तिसऱ्या वर्षी पांढरी फुले आली आणि नऊ महिन्यांनी फळे पिकली. पहिले फळ भाऊंनी सोलले, अर्धे झुलालला दिले. "गोड शे," एवढेच म्हणाले.

माझ्यावर पुष्कळांचे उपकार आहेत. मुळांचे, पाण्याचे, झुलालच्या टोमण्याचेसुद्धा. मित्रांनो, तुमच्या घरात कोणीतरी रोज काहीतरी करत असेल आणि ते तुम्हाला दिसत नसेल. आज जरा वाकून बघा. दिसले की त्या माणसाला सांगा. माणूस आहे तोवर सांगा.