कोरगुटाचं बी

आरोंद्याच्या खाडीकाठी गंगारामाच्या घरात त्या वर्षी एकच विषय होता: बी रुजलं का नाही.

गंगारामाचा धाकटा भाऊ सत्यवान एकसष्ट साली शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला, झाडांचा डॉक्टर व्हायला. झाडांना ताप येतो काय, असं गाव विचारी आणि सातवी पास गंगाराम समजावून समजावून थके. आईबापांचे गुण झाडात उतरतात ते पेशीतल्या कसल्याशा बारीक द्रव्यामुळे. आपलं कोरगूट भात खाऱ्या शेतातही मरत नाही, ते त्या द्रव्यामुळे का, हे सत्यवान शोधणार होता. त्यासाठी त्याला इथलं जिवंत बी हवं होतं.

पहिलं पार्सल बोटीत भिजून कुजलं. मग पत्र आलं: "दादा, इथल्या प्रोफेसर साहेबांचा धीर सुटत चाललाय. बी रुजलं नाही तर सगळं सोडून परत यावं लागेल." गंगारामाने ते ओटीवर मोठ्याने वाचलं. सत्यवानाची बायको रुक्मिणी दाराशी उभी राहून ऐकत होती. बी निवडून पिशवी शिवायचं काम तिचंच.

बी परदेशी धाडायच्या दाखल्यासाठी पुन्हा सावंतवाडीची एसटी, पुन्हा ह्या टेबलावरून त्या टेबलावर. "इंग्लंडात तांदूळ मिळत नाहीत का हो?" कारकुनाने विचारलं. त्याच्या टाळक्यात पायली घालावी असं गंगारामाला वाटलं, पण सही त्याचीच हवी होती. एवढं करून दुसरं पार्सल विमानाने धाडलं, तर उत्तर तेच: एक दाणा रुजला नाही.

आपल्या शेतात ढोपरभर उगवणारं भात साहेबाच्या कुंडीतच का मरतं? गंगारामाचं डोकं फिरायची वेळ आली. तिसरी पिशवी शिवून तयार झाली तेव्हा त्याने टाके उसवले आणि एक दाणा दाताखाली फोडला. कच्चा दाणा पिठूळ फुटतो. हा काचेसारखा कडक होता. पेजेचे उकडे तांदूळ खाऊन वाढलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? भात उकडून वाळवलं होतं.

"ह्या काय केलंस गो?" तो ओरडला.

रुक्मिणीने मान खाली घातली नाही. "रुजला नाय तर परत येतले, असा तुमीच वाचून दाखवलात."

"अगो, तेच्या जन्माचा वाटोळा करतंस!"

"आणि माझ्या? दोन वर्सांत येतंय म्हणान गेले, चार झाली. माका घोव होयो, भावोजी. झाडांचो डाक्टर नको."

गंगारामाने स्वतः कणगीतून बी काढलं, स्वतः पिशवी शिवली आणि रजिस्टर करून धाडली.

पंधरा दिवसांनी निळं पाकीट आलं. त्याने ते तिच्यासमोर वाचलं.

"दादा, ह्या वेळचं बी चार दिवसांत सगळं रुजलं. पण आठवडाभर उशीर झाला. साहेबांनी मला आधीच दुसरा विषय दिला, बार्लीचा. शिष्यवृत्ती वाढवून घेतली. पहिल्यापासून सुरुवात, आणखी तीन वर्षं."

रुक्मिणी भिंतीला टेकून खाली बसली. गंगारामाला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. भावाचाही राग येत होता. सगळ्या पत्रांत साहेब होता, कुंडी होती, तिची साधी विचारपूस एकातही नव्हती. हे त्याच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

"तेंका लिवा," ती म्हणाली. "बी मी उकडलंय म्हणान लिवा."

"कित्याक? तो चिडात. नावच टाकीत तुझा."

"चिडांदेत. पण हंय कोणतरी वाट बघता, ह्या तरी तेंका कळांदे."

गंगारामाने दौत पुढे ओढली आणि ती सांगेल तसं लिहायला बसला.